जुनं जीवाश्म-कपाट: कामाच्या नोंदी, जून २०२४ ते जानेवारी २०२५

१२ जून

भूशास्त्र विभाग नव्या इमारतीत जायचा आहे, त्या निमित्ताने मागच्या खोलीतलं सागवानी कपाट उघडलं. आत समुद्री जीवाश्म: कच्छचे अमोनाइट (नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे गुंडाळलेले शंख), मध्य प्रदेशातल्या बाग परिसराची चुनखडी, तमिळनाडूतल्या अरियलूरची कालवं आणि बेलेम्नाइट, हिमाचलातल्या स्पितीच्या काळ्या दगडी गाठी. आपल्याकडे पायाखाली जिकडेतिकडे बेसाल्ट, त्यात समुद्री शिंपला मिळायचा नाही. म्हणून जुन्या सरांनी सहलींमधून पोती भरभरून हे आणलं. आता तसं करता येणार नाही. बागकडचा काही भाग डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यानात गेला आहे, तिथला खडाही उचलायचा नसतो. म्हणजे आहे तेच जपायचं.

प्राचार्यांचं म्हणणं, नॅकची (महाविद्यालयांना श्रेणी देणारी) समिती यायच्या आत सगळं घासूनपुसून, पॉलिश करून काचेच्या कपाटात लावा. मला हवंय ते वेगळं: प्रत्येक नमुना कुठला आणि तो कसल्या समुद्रतळावर पडला होता, हे विद्यार्थ्याला नमुन्याकडे बघून सांगता यावं. दोन्ही एकदम जमेल असं आज तरी वाटतंय.

नोंदवहीला कसर लागलेली आहे. सुरुवातीची पानं गेली, आणि सांकेतिक अक्षरांचा खुलासा नेमका तिथेच होता. नमुन्यांवर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर काळ्या शाईने ‘बी-१४’, ‘टी-३’ असं लिहिलंय. टी म्हणजे तिरुचिरापल्ली, हे कळतं (अरियलूर त्याच भागातलं). बी म्हणजे बाग की भुज? दोन्हीकडे सहली गेल्या होत्या.

खणांत अंथरलेले पेपर टाकू नका. एका खणात १९७० च्या दशकातला आहे, म्हणजे तो खण निदान त्यानंतर लावला गेला. पेपरांचे फोटो काढून ठेवले.

२० जून

स्पितीचा खण उघडला तर गंधकाचा वास. कापसात ठेवलेल्या गाठींवर करडी-पिवळट भुकटी, खालचा पुठ्ठा जळल्यासारखा तपकिरी आणि चिठ्ठी हात लावताच तुटली. विभागातल्या मामांना वाटलं बुरशी. ते ओलं फडकं घेऊन निघाले होते, वेळेवर थांबवलं.

ही बुरशी नव्हे. गाठींमधलं पायराइट दमट हवेत सडतंय. लोह आणि गंधकाचं हे खनिज हवेतला ऑक्सिजन आणि ओल मिळाली की फुटतं, त्यातून सल्फेटची भुकटी आणि गंधकाम्ल तयार होतं. तेच आम्ल चिठ्ठी, पुठ्ठा आणि शेजारचा चुनखडीचा नमुनाही खातं. आमचं कॉलेज कोकणात, आर्द्रतामापक (ऑनलाइन साडेतीनशे रुपये) आज ८८ टक्के दाखवतोय. पाण्याने धुतलं असतं तर गाठी आणखी लवकर संपल्या असत्या.

केलं ते असं: कोरड्या मऊ ब्रशने भुकटी झाडली, मास्क लावून. प्रत्येक गाठ वेगळ्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. चिठ्ठ्यांचे आधी फोटो, मग त्या वेगळ्या पाकिटांत. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आसपास तापवून परत वापरता येतं. स्वयंपाकाचा ओव्हन मात्र त्यासाठी वापरू नका.

सडलेल्या नमुन्यांना चांगलं जपलं, पण ते मुळात का सडतात हेही चिठ्ठीवर लिहिलं. स्पितीचा हा काळा शेल (चिखलाचा पातळ थरांचा खडक) उत्तर-ज्युरासिक काळातला. तळाच्या गाळात ऑक्सिजन जवळजवळ नाही, मेलेल्या प्राण्यांभोवती सल्फेट वापरणारे जिवाणू, आणि त्यांच्या कामातून पायराइट. म्हणजे खणातला रोग हीच त्या समुद्रतळाची ओळख. कच्छच्या खणात असं काही झालेलं नाही, कारण तिथला तळ हवेशीर होता.

मामांनी गाठ हातात घेतली आणि म्हणाले, “मॅडम, हा तर आमच्या देवघरातला शाळिग्राम.” बरोबरच आहे. गंडकीतले शाळिग्राम नेपाळच्या हिमालयातल्या याच जातीच्या काळ्या शेलमधून वाहून येतात, आत अमोनाइटचं चक्र. त्यांना म्हटलं, तुमचा रोज अभिषेक होत असेल तर पुसून कोरडा ठेवत जा. म्हणाले, आजोबांच्या वेळेपासून काही झालेलं नाही. नदीने घासून घासून फुटण्यासारखं होतं ते आधीच गेलेलं असणार, हा माझा अंदाज.

३ जुलै

आज कच्छचा खण. यात ढोसा ऊलाइट थरातले अमोनाइट आहेत, ऑक्सफर्डियन म्हणजे सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचे. हा थर कच्छच्या मुख्य भागात बऱ्याच टेकड्यांच्या घुमटांवर दिसतो, जाडीला फार नाही, पण अमोनाइट भरपूर. दगडात गंजक्या रंगाचे खसखशीएवढे गोल दाणे, हे लोहाचे ऊइड.

खणात दोन प्रकारचे नमुने. काही जसे आणले तसे: मळकट, एका बाजूने झिजलेले, वर किड्यांच्या नळ्या आणि बोटाच्या नखाएवढी कालवं चिकटलेली. काही एकदम चकचकीत: कुणीतरी कधीतरी आम्लात बुडवून, तारेच्या ब्रशने घासून, वर व्हार्निश मारलेलं. दुसऱ्या प्रकारचे बघायला छान. त्यांच्याबद्दल मला लिहिता आलं ते इतकंच: ‘अमोनाइट’.

मळकटांपैकी एक भिंगाखाली धरून विद्यार्थ्यांना अर्धा तास दाखवला. एका अंगाला शंख इतका झिजलेला की आतले पडदे उघडे. त्या झिजलेल्या पृष्ठभागावर नळीकिडा वाढलाय, म्हणजे झीज आधीची, किडा नंतरचा. उलट बाजूलाही कालव आहे. प्राणी मेला, शंख गाळाने भरला, तो गाळ कडक झाला, मग प्रवाहाने तो पुन्हा उघडा पडला, घासला गेला, उलटला, आणि दोन्ही बाजूंना भाडेकरू राहून गेले. शिवाय शंखाच्या पोटातल्या दगडात ऊइड नाहीत, बाहेर चिकटलेल्या दगडात आहेत. तो आधी एका गाळात पुरला गेला, मग दुसऱ्यात. इतकं सगळं व्हायचं तर वरून गाळ फार सावकाश पडत असला पाहिजे. ढोसा ऊलाइटबद्दल अभ्यासकांचं मतही असंच: बराच काळ थोड्या जाडीत दाबलेला थर, त्यातही सगळ्यात वरचा पट्टा तर पुन्हा-पुन्हा उकरला गेलेल्या गोट्यांचा.

हे सगळं सांगणारी वस्तू म्हणजे घाण. तीच घासून टाकली होती.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना खणाच्या झाकणावर चिकटवली: लोहाचे ऊइड दिसले की ‘उथळ, खळखळतं पाणी’ असं ठोकून लिहू नका. ते बहामासच्या पांढऱ्या चुन्याच्या ऊइडांसारखे नसतात, आणि एकीकडे बनून दुसरीकडे वाहून आलेले असू शकतात.

संध्याकाळी प्राचार्यांना सांगितलं, पॉलिश करणार नाही. ते म्हणाले, मग समिती काय बघणार? म्हटलं, मळ.

१८ जुलै

जुनं व्हार्निश काढणं. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस दोन मिनिटं ठेवायचा, मग उचलायचा, घासायचं नाही. पिवळा थर निघतो, पण लिहिलेले क्रमांकही निघतात. म्हणून आधी फोटो, मग क्रमांक सोडून बाकीच्या भागावर काम. लाखेचं व्हार्निश असेल तर ॲसिटोनपेक्षा स्पिरिट बरं चालतं. कशाने निघतं ते एका कोपऱ्यात बघून ठरवा.

नवे क्रमांक घालायला पॅरालॉइड बी-७२ (ॲक्रिलिक राळ) मागवलं. खडे येतात, ॲसिटोनमध्ये विरघळवून लावायचे: खाली एक थर, वर रंगद्रव्याची शाई, वर आणखी एक थर. पोस्टेजसकट हजाराच्या वर गेलं, पण बाटली वर्षानुवर्षं पुरेल. नेलपॉलिशने भागवणारे आहेत, त्याची सालं निघतात आणि तो पिवळा पडतो.

खिडक्या उघड्या. पाऊस आत येतो ते चालेल, ॲसिटोनचा वास आत नको.

५ ऑगस्ट

नव्या खोलीसाठी प्लायवुडची कपाटं मंजूर झाली होती, ती नाकारली. ताज्या प्लायवुडमधून आणि काही लाकडांतून आम्लाची वाफ निघत राहते, चुन्याच्या कवचांवर त्याने पांढरे क्षार फुलतात. आमच्या आजच्या शंख-शिंपल्यांच्या ट्रेमध्ये ते झालेलंच आहे, मामा त्यालाही बुरशीच म्हणायचे. ग्रंथालयातली जुनी लोखंडी कार्ड-कपाटं संगणक आल्यापासून अडगळीत पडली होती, ती मागितली. खण अरुंद आहेत, मोठे अमोनाइट मावत नाहीत. पण लोखंड वाफा सोडत नाही, आणि फुकट. रंगकाम आणि हमाली मिळून साडेचार हजार, तेवढे विभागाच्या किरकोळ खर्चातून.

२१ ऑगस्ट

अरियलूरचा खण. इथे माझ्यापेक्षा एका विद्यार्थिनीला जास्त कळलं. ती खाडीकाठच्या घरातली, लहानपणापासून आईबरोबर कोयत्याने कालवं फोडणारी.

कल्लंकुरिच्चीच्या चुनखडीतली जाड, वाकडी कालवं आहेत ही. त्या भागात सिमेंटसाठी हा दगड खणला जातो, आणि तो क्रिटेशस काळाच्या शेवटाकडचा, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा. तिने एक हातात घेऊन उलटसुलट केलं, चोचीजवळ बोट लावलं आणि म्हणाली, “मॅडम, हे खडकाला धरलेलं नव्हतं. खडकाचं कालव फोडताना खालची शिंपी दगडालाच राहते, आणि तिचा आकार दगडासारखा होतो. ह्याला धरायची जागा एवढीशीच आहे.” खरंच, चोचीशी मुगाएवढा सपाट डाग. पिल्लू असताना शिंपल्याच्या तुकड्याला धरलं, मोठं झाल्यावर सुटलं, आणि खालची शिंपी जाड नि फुगीर असल्यामुळे मऊ तळावर पाठीवर पडून राहिलं. शेजारच्या दुसऱ्या नमुन्याला धरायची जागा मोठी, आणि त्यावर बरगड्यांचा ठसा. कुठल्यातरी रेघांच्या शिंपल्याला ते आयुष्यभर धरून बसलं होतं. तो शिंपला विरून गेला, ठसा कालवाच्या पाठीवर राहिला.

मऊ तळ, पण गुदमरलेला नाही. कवचांवर ब्रायोझोआचे (वसाहतीने राहणाऱ्या बारीक समुद्री प्राण्यांचे) पापुद्रे आणि पोखरणाऱ्यांची भोकं आहेत, म्हणजे मेल्यावर कवचं लगेच पुरली गेली नाहीत.

याच खणात करई गावाकडची माती, बेलेम्नाइट आणि जिप्समचे पारदर्शक पत्रे. जिप्सम खारं पाणी आटूनही बनतं, म्हणून पत्रे पाहून वर्गातून हमखास उत्तर येतं, “समुद्र आटला होता.” पत्रा धरून बाजूने बघा म्हटलं. तो मातीचे थर छेदून आडवातिडवा गेलाय, म्हणजे मागाहून भेगेत भरलेला. बेलेम्नाइट हे माखलीचे नातेवाईक, आटलेल्या मिठागरात ते राहणार नाहीत.

गरुडमंगलमच्या शिंपल्यांनी गच्च भरलेल्या पॉलिशदार दगडाचा पेपरवेट निघाला. ‘त्रिचनापल्ली मार्बल’ म्हणून हा शोभेच्या वस्तूंसाठी विकला जायचा. एवढी एक पॉलिश केलेली वस्तू प्राचार्यांच्या टेबलावर पाठवून दिली.

गणपतीची सुट्टी

काम बंद. विद्यार्थ्यांना गृहपाठ दिला: गावातल्या पुळणीवरचे ओंजळभर शिंपले आणि खाडीच्या चिखलातले ओंजळभर, वेगवेगळ्या पिशव्यांत.

२३ सप्टेंबर

पिशव्या ओतल्या. पुळणीवरचे सगळे सुटे, कडा गोल झालेल्या, चकचकीत, बरेचसे तुकडे. खाडीतल्या तिसऱ्यांमध्ये (खायच्या शिंपल्यांमध्ये) काहींच्या दोन्ही शिंप्या अजून जोडलेल्या, कडा धारदार, वर काळपट चिखल. एवढ्यावर तास संपला. आता जीवाश्मांच्या ट्रेमध्ये ‘तुकडे आणि गोलाई’ हा रकाना भरायला कुणी कुरकुर करत नाही.

३० सप्टेंबर

‘बी’ मालिकेकडे वळलो. दोन जातींचे दगड स्पष्ट दिसतात: एक गुलाबीसर, खरबरीत, काड्या-काड्यांनी भरलेला, दुसरा मातकट पांढरा, मऊ, गाठीगाठींचा. बागच्या परिसरातले दोन्ही असू शकतात, पण खात्री दगड कापल्याशिवाय नाही. पातळ छेद (उजेड आरपार जाईल इतकी पातळ दगडाची चकती) बाहेरून करून घ्यायचा तर एकेका स्लाइडला बरेच पैसे आणि महिनोन्महिने वाट. म्हणून ॲसिटेट-सालीचा मार्ग. साल म्हणजे घासलेल्या दगडावर आम्लाने उठाव आणायचा, त्यावर ॲसिटोनमध्ये मऊ झालेला ॲसिटेटचा कागद बसवायचा, वाळल्यावर सोलायचा. दगडाचा ठसा पारदर्शक कागदावर येतो, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा स्कॅनरवर बघता येतो.

दगड कापायला गावातल्या ग्रॅनाइटवाल्याकडे गेलो. पाण्याखाली चालणारं हिऱ्याचं पातं त्याच्याकडे असतंच. तासाचे दर ठरवा, नगाचे नको. पहिलाच नमुना त्याने ओट्याची फरशी धरावी तसा दाबला आणि तो मधल्या शिरेवर फुटला. त्यानंतर प्रत्येक नमुना प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यात बसवून नेला, पकडायला सपाट बाजू मिळाली की फुटत नाही.

कापायला दिले ते फक्त नोंद नसलेले, तुटके तुकडे. पूर्ण नमुन्याला पातं लावायचं नाही.

९ ऑक्टोबर

घासणं: जाड काचेवर कार्बोरंडम पूड, २२०, मग ४००, मग ८००, शेवटी १००० (आकडा मोठा तशी पूड बारीक). प्रत्येक पुडीला वेगळी काच, आणि मध्ये दगड, हात, नखं सगळं धुवायचं. २२० चा एक कण १००० च्या काचेवर आला की पुन्हा पहिल्यापासून. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि त्याला पर्याय नाही.

आम्ल: हायड्रोक्लोरिक ५ टक्के, पाण्यात आम्ल घालून, उलट नाही. १५ सेकंद. जास्त ठेवलं की बुडबुड्यांचे खड्डे पडतात आणि बारीक तपशील जातो. मग उर्ध्वपातित पाण्यातून अलगद काढायचा आणि उभा वाळवायचा. उठलेल्या पृष्ठभागाला बोट लागलं तर ठशात बोटाचाच ठसा.

आणि पहिली साल कोरी निघाली. दुसरीही. पुन्हा घासलं, पुन्हा आम्ल, पुन्हा कोरी. शेवटी कारण सापडलं: कपाटातल्या जुन्या ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीट वापरत होतो, त्या पॉलिएस्टरच्या. ॲसिटोन त्यांना काही करत नाही, नुसतं उडून जातं. कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा. चिकट झालं तर ॲसिटेट, काहीच झालं नाही तर पॉलिएस्टर. ‘ट्रान्सपरन्सी’ म्हणून दुकानात मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टरच असतं. खरी ॲसिटेट शीट कलासाहित्याच्या दुकानातून मागवावी लागली, यायला दिवाळी उजाडणार.

७ नोव्हेंबर

शीट आल्या. पातळ घ्या; जाड शीट कडेने उचलली जाते.

सुरुवातीच्या साली दुधाळ पांढऱ्या आल्या. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते, साल धुरकट होते. संगणक-प्रयोगशाळेत एसी आहे, तिथे करू असं कुणीतरी सुचवलं. बंद खोली, विजेची उपकरणं आणि ॲसिटोनची वाफ: नको. त्याऐवजी दगड आणि शीट रात्रभर सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवले, आणि दुपारच्या कोरड्या हवेत, उघड्या व्हरांड्यात, दगड उन्हात कोमट झाल्यावर सावलीत आणून काम केलं. धुरकटपणा गेला. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये.

क्रम: दगड लेव्हलमध्ये बसवा. पृष्ठभागभर ॲसिटोनचा थर. शीट थोडी वाकवून एका कडेने टेकवत पुढे सोडा, म्हणजे हवा पुढे निघून जाते. वरून दाबू नका. निदान एक तास हात लावू नका. आम्ही रात्रभर ठेवतो. मग कोपऱ्याकडून हळूहळू.

१२ नोव्हेंबर

गुलाबी दगडाची पहिली स्वच्छ साल. फ्लॅटबेड स्कॅनरवर २४०० डीपीआयला घेतली आणि पडद्यावर मोठी केली.

काड्या म्हणजे ब्रायोझोआच्या मोडलेल्या फांद्या: आडव्या छेदात नळ्यांची गोल तोंडं दाटीने, उभ्या छेदात बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या नळ्या. प्रवाळ एकही नाही, जरी थराचं रूढ नाव कोरलाइन चुनखडी असलं तरी. मध्येमध्ये सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या पाट्यांचे तुकडे, ते बारीक जाळीने ओळखू येतात. कालवाचे पापुद्रे. थोडी क्वार्ट्झची वाळू. फांद्यांच्या टोकांना गोलाई. आणि या सगळ्यांच्या मध्ये चिखल नाही, स्वच्छ कॅल्साइटचे स्फटिक आहेत, म्हणजे पोकळ्या आधी रिकाम्या होत्या आणि नंतर भरल्या. लाटा-प्रवाहांनी चिखल धुऊन नेला, तुकडे इकडून तिकडे लोळवले.

लगेच पांढऱ्या, गाठीगाठींच्या दगडाची साल शेजारी ठेवली. जवळजवळ सगळा बारीक चुनखडीचा चिखल, त्यात तुरळक कवचं, पातळ नि धारदार, आणि बिळांचे आडवेतिडवे पट्टे. शांत तळ. विद्यार्थ्यांनी न विचारता म्हटलं, “ही पुळण, ती खाडी.” खाडी नव्हे, खुल्या समुद्राचा लाटांखालचा तळ, असं दुरुस्त केलं. पण रोख बरोबर होता.

दोन्ही जुळतात ते नर्मदेच्या खोऱ्यातल्या बागच्या क्रमाशी: खाली निमार वालुकाश्म (बागची लेणी यातच कोरलेली), वर नोड्युलर चुनखडी, त्यावर कोरलाइन चुनखडी. पश्चिमेकडून आत शिरलेला समुद्र आधी खोल-शांत झाला, मग उथळ-खळबळीचा, मग निघून गेला. तो गेल्यावरचे जमिनीवरचे लमेटा थर, ज्यात डायनोसॉरची अंडी मिळतात, आणि त्या सगळ्यावर आपला काळा पाषाण. समुद्राचे दोन थर सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचे, लाव्हा सुमारे साडेसहा कोटींच्या आसपासचा. १८८४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी हा भाग नकाशावर आणताना मार्लचा (माती मिसळलेल्या चुनखडीचा) आणखी एक थर वेगळा काढला होता, देवला-चिराखानचा. त्यातलं आमच्याकडे काही दिसत नाही.

गाठीगाठींच्या दगडातच आमचे चपटे, तबकडीसारखे अमोनाइट आहेत, प्लासेंटिसेरास. बागच्या जातीला भूशास्त्रज्ञ व्रेडेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेव्हाचे व्हाइसरॉय मिंटो यांचं नाव दिलं. कवच नाही, नुसता आतला साचा, म्हणून पडद्यांच्या नक्षीदार रेषा उघड्या दिसतात. अमोनाइटचं कवच ॲरॅगोनाइटचं, ते विरतं. शेजारचं कालव आणि अर्चिन कॅल्साइटचे, ते टिकतात. खणात एखादा प्राणी कमी दिसला म्हणून समुद्रात तो कमी होता असं समजू नये, हे लिहून ठेवलं.

२० नोव्हेंबर

निवडणूक ड्यूटी. आधीचं प्रशिक्षण, नंतरचा थकवा धरून आठवडा गेला.

४ डिसेंबर

‘बी’ मधले बहुतेक नमुने बागचे ठरले. उरले ते चकचकीत अमोनाइट, आम्लात बुडवून घासलेले. दगडच नाही तर जुळवायचं कशाशी? कापायचे तर मुळीच नाहीत.

द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली एकेक धरून शंखाच्या मधल्या खळग्यात, नाभीत, शोधलं. तिथे तारेचा ब्रश पोचत नाही. एकाच्या नाभीत व्हार्निशखाली टाचणीच्या डोक्याएवढा दगड राहिलेला, आणि त्यात दोन गंजके गोल दाणे. ऊइड. म्हणजे हा ‘बी’ भुजचा: बहुधा सहलीचा मुक्काम भुजला असणार आणि अक्षर मुक्कामावरून दिलं. एकावरून सगळी मालिका ठरत नाही, म्हणून त्याच शाईचे, त्याच हस्ताक्षरातले बाकीचे वेगळे काढले. त्यांच्याही नाभी तपासल्या. काहींत मिळालं, काहींत खरंच काही उरलेलं नाही. त्यांच्या चिठ्ठीवर ‘कच्छ असावं, हस्ताक्षरावरून’ असं, आणि स्थळाचा रकाना रिकामा. अंदाजाने थराचं नाव लिहायचा मोह होतो. पुढचा माणूस तो अंदाज नोंद म्हणून उतरवून घेईल.

१९ डिसेंबर

समिती येऊन गेली. मळकट अमोनाइट आणि त्याच्या शेजारी घासलेला, दोन्हींच्या चिठ्ठ्या शेजारी-शेजारी लावल्या होत्या: एकीवर सात ओळी, दुसरीवर एक. साली उजेडाच्या पेटीवर मांडल्या. एका सदस्यांनी विचारलं, हे एक्स-रे आहेत का. कालवांच्या ट्रेपाशी त्या खाडीकाठच्या विद्यार्थिनीने बराच वेळ घेतला, आणि समितीने दिला.

१८ जानेवारी

हिशेब, करणाऱ्यांसाठी. सगळं मिळून सोळा हजारांच्या आत. मोठा भाग डबे, सिलिका जेल आणि कपाटांची हमाली-रंग. साली स्वतः फार स्वस्त: शीट, ॲसिटोन, आम्ल आणि पूड मिळून अडीच हजार, त्यात वाया गेलेल्या पॉलिएस्टर-प्रयोगांचा ॲसिटोन धरून. ग्रॅनाइटवाल्याने शेवटी पैसे कमी घेतले, बदल्यात त्याला ब्रायोझोआची एक स्कॅन केलेली साल मोठी छापून हवी होती. ती दुकानात लावलीये.

सालींबद्दल राहिलेलं: कोरड्या झाल्यावर कडा कापून दोन काचांमध्ये दाबून ठेवा, नाहीतर गुंडाळतात. मार्कर शाई सालीवर पसरते, क्रमांक काचेवर लिहा. एका दगडाच्या दोन-तीन साली काढून ठेवल्या तर एक वर्गात फिरवता येते. दुसरी साल काढताना पुन्हा १००० पुडीवर हलकं घासून पुन्हा आम्ल द्यावं लागतं, नुसतं ॲसिटोन ओतून भागत नाही.

बाकी आहे: करईच्या मातीची चाळण, ती आम्ही अजून उघडलेलीच नाही. ढोसाच्या सुट्या तुकड्यांच्या साली. ॲलिझरिन रेडने रंगवून कॅल्साइट आणि डोलोमाइट वेगळे दिसतात का, ते बागच्या दोन्ही दगडांवर बघायचं, रसायन मागवलंय. स्पितीच्या डब्यांतलं जेल दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बघायचं, मामांच्या कॅलेंडरवर तसं लिहिलंय. पावसाळ्यात दर सोमवारी.